रेचक, मात्रा आठ

नांदुरा, ता. ९ जानेवारी १९३१

अभ्यास करणाऱ्याने आपली प्रगती टिपून ठेवावी, असे पुस्तकात आहे. म्हणून ही वही. दोन्ही बाजूंना समास आखला. शाई मी काम करतो त्या कापसाच्या जिनातली नाही, विकत आणलेली आहे.

अभ्यास योगाचा. अजून सुरू केलेला नाही. कारण आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे घोटाळा होणार नाही. तानूच्या आणि माझ्या लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही. काल जेवताना आई तानूच्या देखत मला म्हणाली, “कारभारी, आखाजीलोक वाट पाहीन. मंग माह्या भावाची पुष्पी आनू या घरात. हे राहीन पानी भराले.” आई मोठ्याने बोलू लागली की माझ्या छातीत धडधड होते आणि कानात जिनाचा पट्टा फिरल्यासारखा आवाज येतो. तानू भाकर थापत होती, ती थापतच राहिली. भाकर परातीबाहेर गेली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुमारे शंभर दिवस आहेत.

मी जिनात कापसाच्या गाठींवर मालकाचे नाव आणि नंबर घालतो. मराठी पाचवी अर्धी सोडली, पण माझे ऱ्हस्वदीर्घ चुकत नाही. हेडक्लार्क वामनरावसुद्धा पत्र पाठवण्याआधी माझ्या नजरेखालून घालतात. आज गाठी दाबायच्या प्रेसवरचा शकूर सगळ्यांसमोर म्हणाला, “अबे कारभारी, गाठीवर नाव घालतं, तसं एखाद्या पोरावर बी घाल ना तुह्यं!” सगळे हसले. वामनरावही हसले. पण नंतर त्यांनी बोलावून कपाटातले योगाचे जुने पुस्तक आठ दिवसांच्या बोलीने दिले. पहिली सोळा पाने वाळवीने खाल्ली आहेत. ते म्हणाले, “सुरुवातीला देवाची स्तुती असते, त्यानं काही अडत नाही.”

ता. १३ जानेवारी

पुस्तकाची नक्कल पूर्ण केली. मूळ पुस्तकात अकरा ठिकाणी शुद्धलेखन चुकलेले आहे, ते नकलेत सुधारले.

मुख्य वाक्य पान एकोणीसवर आहे. जसेच्या तसे: “पूरक चार मात्रा, कुंभक सोळा मात्रा, रेचक आठ मात्रा, हा अभ्यास नित्य केल्याने शरीरशुद्धी होऊन बीज व क्षेत्र दोन्ही निर्दोष होतात.”

हे वाचून अंगावर काटा आला. माझ्यासाठीच लिहिले आहे.

रेचक म्हणजे जुलाब, हे ठाऊक आहे. पूरक आणि कुंभक यांची ओळख बहुधा वाळवीने खाल्लेल्या पानांत असावी. मात्रा दोन तऱ्हेच्या माहीत आहेत. एक अक्षराच्या डोक्यावरची, दुसरी औषधाची. लहानपणी आई मला मात्रा उगाळून चाटवी. इथे दुसरी असणार. पण एक मात्रा म्हणजे किती, ते लिहिलेले नाही. अंदाजाने करणे बरे नाही. विचारले पाहिजे.

ता. १४ जानेवारी

तीळगूळ द्यायचे निमित्त करून महादेवराव मास्तरांकडे गेलो. ते पुण्याकडचे. शाळेत त्यांच्या हाताखाली शिकलो. त्यांनी ओट्यावर बोलावले नाही, मी पायरीशी उभा राहिलो.

“योग? तू?” ते म्हणाले. “अरे, कुणब्याच्या पोरानं नांगर धरावा. नाक कशाला धरतोस?”

नाकाचे काय ते कळले नाही. औषधाला वास येत असावा.

मी शब्द पाठ करून गेलो होतो, ते एकामागून एक विचारले. मास्तरांच्या दोन्ही हातांत तिळगुळाची ताटली होती आणि आत बायका आल्या होत्या, त्यांना घाई होती. ते म्हणाले, “पूरक म्हणजे आत घेणं. कुंभक म्हणजे घेतलेलं कोंडून धरणं. रेचक म्हणजे आत असेल ते बाहेर सोडणं, सावकाश.”

“आणि मात्रा किती?”

“एक चुटकी म्हणजे एक मात्रा. गुरूशिवाय करू नकोस, मरशील.” आणि आत गेले.

चुटकी म्हटल्यावर जीव भांड्यात पडला. हळद, मीठ, तंबाखू, आमच्याकडे सगळे चुटकीनेच घेतात. म्हणजे पूरक चार चुटक्या, कुंभक सोळा, रेचक आठ. माझा अर्थ बरोबर होता. गुरू म्हणून मास्तरांनाच मनात धरले.

ता. १७ जानेवारी

जडीबुटी विकणाऱ्या रहेमतुल्ला अत्तारांकडून जिन्नस आणले. पूरक, म्हणजे पोटात भर घालणारे: सातूचे पीठ. कुंभक, म्हणजे कोंडून धरणारे: बेलाच्या गराची पूड, तिने पोट बांधले जाते. रेचक: सोनामुखी. अत्तारांनी चष्म्यावरून पाहिले. “बांधायचं बी आन सोडायचं बी? भाऊ, पोट हाये का कुलूप?” मी म्हटले, योगाचे आहे. ते म्हणाले, “मंग मले नाही समजत.”

ता. १९ जानेवारी

प्रारंभ. चाळीस दिवसांचे व्रत आहे. नियम: ओसरीवर वेगळे निजणे, थोडे खाणे, पत्नीशी संभाषण नाही, फार गरज पडली तर खूण. हे आईच्या मार्फत तानूला कळवले.

पद्मासन घालता आले नाही. डावा पाय वर येतो तेव्हा उजवा खाली जातो. दोरीने बांधून बसलो. मग चार, सोळा, आठ. चुटकी घेताना बोटे कोरडी ठेवली, नाहीतर जास्त चिकटते.

ता. २२ जानेवारी

तीन दिवसांत जे झाले ते सगळेच लिहिण्यासारखे नाही. बेल धरून ठेवतो आणि सोनामुखी ढकलते, मध्ये माझे आतडे. आज जिनात गाठीवर नंबर घालताना दोनदा पळावे लागले. शकूर ओरडला, “वाट सोडा बे, योगीराज चालले!” दुपारी सगळ्यांनी मिळून माझा डबा लपवला आणि तांब्या मात्र भरून ठेवला.

हे होणारच. शुद्धी होत आहे.

ता. २६ जानेवारी

सकाळी आसनात होतो. तानू दाराशी येऊन उभी राहिली. “म्या म्हनलं, एक सांगाचं होतं,” ती म्हणाली. मी तळहात दाखवून थांबवले. ती गेली नाही. तिने मागे वळून आई विहिरीवर आहे हे पाहिले, मग मला दोन बोटे दाखवली आणि दुसरा हात पोटावर ठेवला. दोन भाकरी खाता का, असे विचारत होती. मिताहार चालू आहे. मी जोराने मान हलवून नाही म्हटले.

ती तशीच उभी राहिली. मग आत गेली. मन चाळवल्यामुळे चुटक्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. असे पुन्हा करू नये, हे आईकडून तिला सांगवले.

ता. २ फेब्रुवारी

वजन उतरले. कंबरेचा करगोटा सैल झाला. जिन्यावर चक्कर येते. पण पद्मासन आता दोरीशिवाय वीस आकडे मोजेपर्यंत टिकते.

तानूची प्रकृती ठीक दिसत नाही. फोडणीचा वास आला की ती मागच्या अंगणात जाते. काल तिला चुलीच्या भिंतीची माती खरवडून तोंडात टाकताना पाहिले. चिंचही फार खाते. हा सगळा पोटातला दोष. मी एकटाच शुद्ध होत आहे आणि ती तशीच आहे.

ता. ९ फेब्रुवारी

आज एक मोठी गोष्ट लक्षात आली. पुस्तकात “बीज व क्षेत्र दोन्ही” असे आहे. क्षेत्र म्हणजे शेत. बीज माझे, तर क्षेत्र म्हणजे तानू. “दोन्ही” हा शब्द मी रोज वाचत होतो आणि त्याचा अर्थ घेत नव्हतो. एकवीस दिवस वाया गेले.

आई आज प्रथमच अभ्यासाविषयी मायेने विचारू लागली. काय काय घेतोस, किती घेतोस, पोट किती वेळा चालते. मी सांगितले. क्षेत्राचेही सांगितले. ती म्हणाली, “दे तिले बी. आतापासून दे. उशीर नको करू.” तिचा विश्वास बसला याचे फार बरे वाटले.

ता. १२ फेब्रुवारी

अत्तारांकडे गेलो आणि जिन्नस दुप्पट मागितले. त्यांनी कारण विचारले. बायकोसाठी म्हटल्यावर त्यांनी तराजू खाली ठेवला.

“भाऊ, पहिले घरी पुसून ये. बाई पोटुशी तं नाही ना? पोटुशीले रेचक देत नसतात. खून होतो.”

मी म्हटले, चार वर्षांत झाले नाही ते आता कुठून होणार. ते म्हणाले, “पुसून ये.”

ता. १३ फेब्रुवारी

तानूला विचारता येत नाही, व्रताचे चौदा दिवस बाकी आहेत. म्हणून आईला विचारले. ती सुपात तूर पाखडत होती. सूप थांबले. मग पुन्हा पाखडू लागली.

“नाही,” ती म्हणाली. “सासू होय मी तिची. मले नाही समजन, तं त्या बुढ्या अत्तारले समजन?”

खात्री झाली. अत्तारांना जाऊन सांगितले, आईला विचारले, नाही म्हणाली. ते म्हणाले, “मायले पुसलं? बायकोले नाही?” मी व्रताचे सांगितले. त्यांनी सोनामुखी दिली, पण पुडी माझ्या हातात न देता फळीवर ठेवली.

ता. १६ फेब्रुवारी

आजपासून तानूचा अभ्यास. ती पद्मासनात माझ्यापेक्षा लवकर बसली. चार आणि सोळा चुटक्या तिने पाण्याबरोबर घेतल्या. रेचकाचा पेला आईने आपल्या हाताने दिला. आईने तिच्या कानाशी काहीतरी सांगितले आणि तानू माझ्याकडे पाहून हसली. लग्नानंतर ती अशी कधी हसली होती, आठवत नाही. पेला एका दमात प्यायली.

मी मान फिरवली. व्रत आहे.

ता. १८ फेब्रुवारी

तिला माझ्याइतका परिणाम नाही. पोट दोनदाच चालते. आई म्हणाली, “सोनामुखीनं काय होते तिले. जमालगोटा पाह्यजे.” रहेमतुल्ला जमालगोटा देणार नाहीत, तेव्हा आई स्वतः दुसरीकडून घेऊन आली.

मला भीती वाटते. रात्रभर... नाही, रात्रभर नाही, दोनदा जाग आली, एवढेच. जे खरे तेवढेच लिहावे. पुस्तकात जमालगोटा हा शब्द नाही. पण नकोही लिहिलेला नाही. आईला तसे म्हणालो, तर ती म्हणाली, “आखाजी जवळ येऊन राह्यली. मंग नको म्हनू मले.” धडधड झाली.

ता. २० फेब्रुवारी

दुपारी शकूर गाठींच्या मागून येऊन म्हणाला, “घरी जाय. तुह्या शेजारची बाई आली बोलवाले.” आज त्याने थट्टा केली नाही.

तानू न्हाणीत होती. सुईण विमलबाई होत्या. आत जाऊ दिले नाही. मी ओसरीवर बसलो. न्हाणीचे पाणी अंगणातल्या नालीतून वाहते, ते मला दिसत होते. मी पाय वर घेतले.

आई बाहेर येऊन म्हणाली, “दोष पडला. चांगलं झालं.”

मग विमलबाई हात पुसत बाहेर आल्या. त्या आईकडे न पाहता मला म्हणाल्या, “तिसऱ्या महिन्याचं होतं. काय देल्लं तुमी?”

दोघी काय म्हणाल्या ते दोन्ही लिहून ठेवतो.

ता. २१ फेब्रुवारी

मी आठ चुटक्याच घातल्या. बोटे कोरडी होती. आईने आपल्या हाताने जमालगोट्याचे बी खलून घातले. ते माझ्या आठांत धरायचे की वेगळे, हे समजत नाही.

तानूचे रक्त थांबत नाही. डोळे उघडते आणि मिटते.

ता. २३ फेब्रुवारी

पिंपळगाव राजाहून तिचा भाऊ किसनराव गाडी घेऊन आला. तिला गोधडीसकट उचलून गाडीत ठेवले. किसनराव मला म्हणाला, “कारभारी, तुले काही मालूम नव्हतं का बे?” मी तोंड उघडले, पण व्रताचे चार दिवस बाकी होते, आणि तानू ऐकत होती. मी हाताने खूण केली. कसली, ते मलाही सांगता येणार नाही. त्याने बैल हाकले.

ता. २७ फेब्रुवारी

चाळीस दिवस पूर्ण. एकही दिवस खंड नाही.

ता. ६ मार्च

होळी झाली. व्रत पुरे झाल्याचे सांगायला मास्तरांकडे गेलो. आज त्यांनी ओट्यावर बसू दिले.

“कुंभक किती वेळ टिकतो रे?”

“दोन प्रहर,” मी म्हटले.

“दोन प्रहर?” त्यांनी मला नीट पाहिले. “मेला असतास.”

“बेलाची पूड चांगली धरते.”

मग मास्तरांनी माझ्याकडून सगळे वदवून घेतले. सातू, बेल, सोनामुखी, चुटक्या. मी सांगत असतानाच त्यांचे खांदे हलू लागले. “अगं, बाहेर ये, बाहेर ये, हे ऐक!” त्यांनी घरात हाक मारली. त्यांच्या पत्नी पदराला हात पुसत आल्या. “हा पूरक म्हणून सातू खातो, आणि रेचक म्हणून...” पुढे त्यांना बोलवेना. डोळ्यांतून पाणी आले.

“अरे गाढवा, श्वास! श्वास आत घेणं तो पूरक, कोंडणं तो कुंभक, सोडणं तो रेचक! आणि चुटकी...” त्यांनी माझ्या नाकासमोर बोटे वाजवली. टक्. “ही चुटकी. एवढा वेळ ती एक मात्रा. तुम्हा वऱ्हाड्यांची चुटकी मिठाची!”

आवाज कानात राहिला आहे.

हसून झाल्यावर ते म्हणाले, “तुझं पोट तरी साफ झालं. आणखी कुणाला दिलं नाहीस ना?”

मी नाही म्हटले.

ता. ७ मार्च

मास्तरांनी वामनरावांना सांगितले, वामनरावांनी जिनाला. सकाळी गाठींवर नाव-नंबराचा मारका घालायला बसलो तर चहूकडून चुटक्या. टक्, टक्. कापूस उकलणाऱ्या बायकांनीही वाजवल्या. एकटा शकूर हसला नाही. तो म्हणाला, “चूप बसा बे.” कोणी बसले नाही.

नकलेत दुरुस्ती केली. रेचक या शब्दावर फुली मारली नाही, शब्द बरोबर आहे. समासात लिहिले: श्वास सोडणे.

ता. ९ मार्च

पिंपळगाव राजाला चालत गेलो. तानू अंगणात भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरे. तिची भावजय गोजरबाई आमच्याकडे पाठ करून शेण थापत होती, पण हात थांबलेले होते.

मी सगळे समजावून सांगितले. शब्दाचे दोन अर्थ, चुटकीचे दोन अर्थ, वाळवीने खाल्लेली पाने. कोणाचा वाईट हेतू नव्हता, असे म्हटले. ती ऐकत होती.

मग म्हणाली, “सासूबाईनं सांगतलं, गर्भ टिकाचं औषध होय. माह्या पोरानंच आनलं तुह्यासाठी. पियून घे, कोनाले सांगू नको, नजर लागते.”

“आईला माहीत नव्हते.”

“म्या सासूबाईले संक्रांतीलेच सांगतलं होतं.”

“मग मला का नाही सांगितलेस?”

“सांगतलं,” तानू म्हणाली. “दोन महिने झाले म्हनून दोन बोटं दाखोली. तुम्ही जोरानं मान हालोली. म्या समजली, तुमाले नको हाये. लय रडली. मंग सासूबाईनं पेला देल्ला आन सांगतलं का तुम्हीच आनला. म्या म्हनलं, चला, आता तरी तुमाले पाह्यजे झालं.”

गोजरबाई उठून आत गेल्या.

परतताना विचार केला. आईविषयी ती म्हणते ते खरे नसावे. तानूला तेव्हा ताप होता. आईला विचारले म्हणजे मिटेल.

ता. ११ मार्च

विचारायला गेलो. आई म्हणाली, “काय बे?” धडधड सुरू झाली. पाणी मागितले.

ता. १५ मार्च

खरा अभ्यास सुरू केला आहे. श्वास चार चुटक्या आत, सोळा कोंडणे, आठ चुटक्या सोडणे. चुटकी आता वाजवायची. सोपे आहे. इतके सोपे असेल असे वाटले नव्हते.

ता. ३० मार्च

मला हे लिहायला संकोच वाटतो, पण प्रगती लिहायची असे ठरले आहे. भूक लागते. करगोटा पुन्हा घट्ट झाला. झोप गाढ लागते. छाती मोकळी वाटते. जिनात चुटक्या वाजवणे आपोआप थांबले, कारण मी दचकत नाही.

ता. ५ एप्रिल

आई म्हणाली, “पुष्पीचं आखाजीचं धरू का?” मी आधी एक पूरक, एक कुंभक, एक रेचक केला. धडधड झाली नाही. कानात आवाज आला नाही. किती शांत वाटले ते सांगता येत नाही.

मी हो म्हटले.

ता. २२ एप्रिल

लग्न झाले. पत्रिकेचा मजकूर मीच लिहिला होता, छपाईत एकही चूक नाही. पुष्पा सोळा वर्षांची आहे. आईला ती आत्या म्हणते.

ता. ८ मे

किसनरावाने तानूला दारात आणून सोडले. गाडीतून गाठोडे खाली ठेवले आणि म्हणाला, “आमची बायको ठेवत नाही म्हनते. तुह्यी हाये, तूच पाह्य.” पाणीही घेतले नाही.

आई म्हणाली, “येऊ दे. पानी भराले कोनी पाह्यजेच.”

तानूने पुष्पाच्या हातातली घागर घेतली आणि विहिरीवर गेली. ती कोणाशी बोलत नाही. मी बोलतो, आता व्रत नाही.

ता. १७ मे

विमलबाई म्हणाल्या होत्या की तानूला आता मूल होणार नाही. तिच्यासाठी काहीतरी करावे असे माझ्या मनात आहे. आज दुपारी आई आणि पुष्पा निजल्या होत्या. मी तिला ओसरीवर बोलावले आणि म्हटले, बस, तुला खरा अभ्यास शिकवतो. मला त्याने फार बरे वाटले, तुलाही वाटेल. यात औषध काहीच नाही. आधी तीनही शब्दांचे अर्थ तिला नीट सांगितले, दोनदा. समजले का, विचारले. तिने मान हलवली.

ती पद्मासनात बसली. डोळे मिट म्हटले, मिटले. मी चुटकी वाजवली. पूरक. तिने श्वास घेतला. कुंभक. तिने धरला. मी सोळा चुटक्या सावकाश वाजवल्या. तिची छाती हलली नाही, पहिल्याच दिवशी इतके कोणाला जमत नाही. मला आनंद झाला.

मी म्हटले, “रेचक.”

तिने डोळे न उघडता हात पुढे केला, पेला घ्यायला.

मी म्हटले, अगं, पेला नाही, श्वास. श्वास सोड.

तिने हात तसाच धरून ठेवला.